करकरीत की गढूळ?

जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये एक वाद तीसेक वर्षं चालू आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्हचा आवाज चांगला की निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमचा? एक बाजू म्हणते, मेगा ड्राइव्ह करकरतो, कानाला बोचतो. दुसरी म्हणते, सुपर फॅमिकॉमचा आवाज गढूळ आणि दबलेला. आणि या दोघांच्या आधीचा जो साधा फॅमिकॉम, तो किरटा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत असतं.

या तिन्ही मतांना आधार आहे. कान खोटं सांगत नाहीत. पण कानावर पडलेल्या आवाजाचं खापर कुणावर फोडायचं, इथे बहुतेकांची गफलत होते. गेममधलं गाणं आपल्यापर्यंत पोचतं ते एका साखळीतून. संगीतकार लिहितो. ते लिखाण ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चिपला क्षणोक्षणी सांगत राहतो. चिप लहर घडवते, पुढचं मंडल ती लहर मोठी करतं, वायर ती टीव्हीपर्यंत नेते आणि टीव्हीचा स्पीकर ती हवेत सोडतो. यातली एखादी कडी कच्ची निघाली की लोक सगळ्या कन्सोललाच नावं ठेवतात. या प्रकरणात आपण एकेक मत घेऊन त्यामागची कडी शोधणार आहोत.

सुरुवात किरट्यापासून करू. फॅमिकॉम जपानात बाजारात आला तो 15 जुलै 1983 रोजी. त्यात आवाजासाठी वेगळी चिप नव्हती. रिको कंपनीच्या 2ए03 या मुख्य प्रोसेसरच्या पोटातच आवाजाचा भाग बसवलेला होता. एकूण पाच चॅनेल: दोन चौकोनी लहरींची, एक त्रिकोणी लहरीचं, एक खरखरीचं आणि एक रेकॉर्ड केलेल्या अगदी छोट्या तुकड्यांसाठी. एका चॅनेलवर एका वेळी एकच स्वर.

चौकोनी लहरीचा पोत बदलायची एकच सोय होती. लहर प्रत्येक आवर्तनात किती काळ ‘वर’ राहणार, ते प्रमाण संगीतकार निवडू शकत असे: 12.5, 25, 50 किंवा 75 टक्के. 50 टक्क्यांना आवाज पोकळ आणि गोल येतो, 25 टक्क्यांना धारदार, 12.5 टक्क्यांना बारीक आणि नाकातला. 75 टक्के कानाला 25 सारखाच लागतो, म्हणजे प्रत्यक्षात तीनच रंग. त्रिकोणी चॅनेलला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती. ते चालू असे किंवा बंद. त्यामुळे खर्जातला सूर हळूहळू विरत नेणं अशक्य. संगीतकारांनी यातूनही वाट काढली. त्रिकोणी लहर वरून खाली झपकन घसरवली की ढोलाचा ठोका वाटतो, हे त्यांनी हेरलं आणि एकाच चॅनेलवर खर्ज आणि ताल दोन्ही चालवले.

कोजी कोन्दो यांनी 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी लिहिलेलं संगीत एवढ्याच सामग्रीत उभं आहे. दोन चौकोनी चॅनेलवर चाल आणि तिची जोडीदार, त्रिकोणीवर खर्ज, खरखरीवर ताल. शिवाय गेममधले इतर आवाजही याच चॅनेलमधून काढायचे होते. मारिओने उडी मारली की एका चौकोनी चॅनेलवरचं संगीत तेवढ्यापुरतं थांबतं, उडीचा आवाज वाजतो आणि संगीत पुन्हा सुरू होतं. खेळणाऱ्याला हा खंड जाणवत नाही, कारण चाल इतकी भक्कम बांधलेली आहे की गाळलेला स्वर ऐकणाऱ्याचं मन भरून काढतं. मला हे गेमसंगीतातलं सर्वांत मोठं कौशल्य वाटतं. तुटणार हे गृहीत धरून लिहिलेलं संगीत जगात फारसं नाही.

आता ‘किरटा’ या शेऱ्याकडे. हा शेरा अमेरिकेत आणि युरोपात जास्त ऐकू येतो, त्याला एक ठोस कारण आहे. जपानी फॅमिकॉममध्ये आवाजाची तार कॅसेटमधून फिरून परत येत असे. त्यामुळे कॅसेट बनवणाऱ्याला आपली जादा ध्वनिचिप कॅसेटमध्येच बसवून तिचा आवाज मूळ आवाजात मिसळता येई. कोनामीने डिसेंबर 1989 मध्ये जपानात ‘आकुमाजो देन्सेत्सु’ काढला, त्याच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी6 नावाची चिप होती. तिने दोन चौकोनी आणि एक करवती लहर अशी आणखी तीन चॅनेल दिली. पण परदेशासाठी एनईएस या नावाने कन्सोल नव्याने आखला गेला, तेव्हा कॅसेटच्या खाचेतल्या आवाजाच्या या पिना काढून टाकल्या गेल्या. साहजिकच हाच गेम अमेरिकेत ‘कॅसलवेनिया 3’ म्हणून गेला, तेव्हा त्याचं संगीत मूळ पाच चॅनेलसाठी पुन्हा बसवावं लागलं. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐका. जपानी आवृत्तीत करवती लहरीचा भरदार तळ आहे, अमेरिकी आवृत्तीत तो नाही. गेम तोच, प्रोसेसरही तोच. फरक पडला तो खाचेतल्या पिनांमुळे.

पिनांवाचूनही काहींनी बाजी मारली, हेही सांगितलं पाहिजे. सनसॉफ्ट कंपनीच्या गेममध्ये नाओकी कोदाका यांच्या संगीतासाठी पाचव्या चॅनेलचा उपयोग खर्जाच्या गिटारचे तुकडे वाजवायला केला गेला. इतर मंडळी त्या चॅनेलवर बहुधा ढोल वाजवत. हे गेम अमेरिकी एनईएसवर ऐकतानाही किरटा हा शब्द सुचत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबायला हवं. 1990 च्या दशकात आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले ते फॅमिकॉमच्या नकलांवर. अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, टीव्हीवर चॅनेल जुळवायचं आणि शेकडो गेमचा दावा करणारी पिवळी कॅसेट लावायची, हा अनुभव एका अख्ख्या पिढीचा आहे. या नकलांमध्ये तैवान-चीनकडे बनलेल्या नकली चिपा असत आणि त्यांपैकी अनेकींत एक गंमतशीर चूक होती: चौकोनी लहरीची 25 आणि 50 टक्क्यांची जागा उलटापालट झालेली. संगीतकाराने धारदार सूर मागितला की चिप पोकळ सूर देई, पोकळ मागितला की धारदार.

त्यात वेगाची भर. जपानी गेम सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले, आणि संगीताचा ड्रायव्हरही बहुधा दर चित्रामागे एक पाऊल टाके. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50 चित्रं दाखवणारा. पालसाठी बनलेल्या नकलांवर त्यामुळे संगीताची लय सुमारे सहाव्या हिश्शाने संथ झाली. स्वरांची उंची मात्र जवळपास जागेवर राहिली, कारण या नकलांनी प्रोसेसरचा वेग मूळच्या जवळ, 17 लाख 70 हजार हर्ट्झच्या पुढे ठेवला होता. मूळ वेग 17 लाख 90 हजारांच्या आसपास. युरोपातल्या अधिकृत एनईएसमध्ये प्रोसेसर आणखी मंद होता. तिथे संगीत मुद्दाम जुळवून घेतलेलं नसेल, तर लय संथ होई आणि सूरही अर्ध्या स्वराहून जास्त खाली उतरे.

म्हणून आज मूळ कन्सोलवरचं ‘मारिओ’चं संगीत ऐकून कुणी म्हणालं, “लहानपणी हे असं नव्हतं,” तर ते खरं असण्याची दाट शक्यता आहे. त्यांनी वेगळाच पोत आणि वेगळीच लय ऐकली आहे. त्या आठवणीला चुकीचं म्हणायचं कारण नाही. तो आवाज प्रत्यक्ष वाजला होता आणि त्यावर लाखो मुलं रमली होती.

आता मुख्य वादाकडे. मेगा ड्राइव्ह जपानात ऑक्टोबर 1988 मध्ये आला. त्यात यामाहाची वायएम2612 ही चिप होती. सहा चॅनेल, प्रत्येकात चार आंदोलक, आणि पद्धत एफएम संश्लेषणाची. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना 1967 मध्ये सापडली. ते स्वराच्या आंदोलनावर प्रयोग करत होते. गायक स्वर हलकेच वर-खाली झुलवतो, तेच काम संगणकावर. त्यांनी झुलण्याचा वेग वाढवत नेला. एका मर्यादेनंतर कानाला झोका ऐकू येईनासा झाला आणि त्याच्या जागी नवाच नाद उमटला: कधी घंटेचा, कधी पितळी वाद्याचा. एका लहरीने दुसरीला हलवायचं, एवढ्यातून असंख्य वाद्यं घडवता येतात. यामाहाने ही पद्धत परवान्याने घेतली आणि 1983 मध्ये डीएक्स7 हा सिंथेसायझर आणला. मेगा ड्राइव्हची चिप त्याच घराण्यातली.

एफएमचा गुण असा की रेकॉर्डिंगसाठी लागणारी जागा वाचते आणि खर्ज, घंटा, धातूचे टणत्कार सणसणीत येतात. अवगुण असा की वाद्य घडवणं अवघड आहे. चार आंदोलकांची जुळणी, त्यांचं चढणं-उतरणं, एकमेकांवरचा परिणाम यांचे डझनावारी आकडे हाताने बसवावे लागतात. थोडा आकडा चुकला की पत्रा वाजतो. सेगाच्या अमेरिकी शाखेने संगीतकारांच्या सोयीसाठी जेम्स नावाची प्रणाली दिली. तिच्यात आधीच तयार केलेली वाद्यं होती आणि घाईत असलेल्या अनेक स्टुडिओंनी ती जशीच्या तशी वापरली. त्यामुळे कितीतरी अमेरिकी गेम एकाच कोरड्या, खरबरीत सुरात वाजतात. ‘मेगा ड्राइव्ह करकरतो’ या मताचा मोठा हिस्सा इथून आलेला आहे.

दुसरा हिस्सा माणसांच्या आवाजांचा. सहाव्या चॅनेलवरून रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवता येत, पण ते वेळेवर पुरवायचं काम झेड80 या दुय्यम प्रोसेसरचं. मुख्य प्रोसेसरने चित्राची माहिती हलवायला मार्ग अडवला की झेड80 खोळंबतो आणि आवाजात खरखर येते. ‘स्ट्रीट फायटर 2’मधल्या योद्ध्यांच्या आरोळ्या या कन्सोलवर घसा बसल्यासारख्या येतात, त्यावरून सेगाची बरीच टिंगल झाली. पुढे कितीतरी वर्षांनी एका हौशी प्रोग्रॅमरने त्या गेमचा ध्वनिड्रायव्हर नव्याने लिहिला. कन्सोल तोच ठेवून आरोळ्या स्वच्छ झाल्या. चिपची बाजू मांडायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

तिसरा हिस्सा मंडलाचा. 1993 मध्ये आलेल्या मॉडेल 2 च्या सुरुवातीच्या अनेक मंडलांमध्ये आवाज मोठा करणारा भाग निकृष्ट होता. आवाज दबका आणि फाटका येई. जाणकार म्हणूनच मॉडेल 1 चे जुने, झाकणावर ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ असं छापलेले कन्सोल शोधत फिरतात.

मात्र त्या मूळ चिपमध्येही एक दोष होता आणि मला सर्वांत जास्त रस आहे तो या दोषात. चिपच्या आतला आकड्यांचा आवाज करणारा भाग शून्याच्या आसपास पायरी चुकवतो. परिणाम असा की हळू स्वर, विरत जाणारे स्वर थोडे मोठे आणि थोडे दाणेदार होतात. नंतरच्या एकत्रित चिपांमध्ये हा दोष बहुतांशी दूर झाला. पण पहिल्या काही वर्षांतले संगीतकार त्या दाण्यासकट ऐकत-ऐकतच लिहीत होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला घासते आणि त्या घासण्यातूनच तंबोरा बोलू लागतो. दोरा काढला तर सूर राहतो, पण मजा जाते. दोष दुरुस्त केलेल्या चिपवर जुने गेम वाजवले की मला नेमकं तेच वाटतं. मापन यंत्र तिला जास्त गुण देईल. माझी पसंती पहिलीला.

सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर 1990 चा. त्याचा ध्वनिविभाग सोनीने बनवला आणि त्याची आखणी केन कुतारागी यांची, ज्यांनी पुढे प्लेस्टेशन घडवलं. इथे पद्धत पूर्ण वेगळी. चिप स्वतः लहर घडवत नाही. खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे वेगवेगळ्या उंचीवर वाजवते. आठ चॅनेल, 16 बिट, सेकंदाला 32,000 नमुने. कागदावर हे सीडीच्या जवळ जातं. अडचण जागेची. सगळ्या वाद्यांचे तुकडे, ड्रायव्हर आणि गाण्याचं लिखाण मिळून 64 किलोबाइटमध्ये बसवायचं. सीडीवरचा स्टिरिओ आवाज तेवढ्या जागेत एका सेकंदाचे जेमतेम सदतीस शतांश मावतो. इथे दर 16 नमुने दाबून 9 बाइटमध्ये बसवत, म्हणून पूर्ण वेगाने साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त मावे, तेही ड्रायव्हरला जागा न देता. म्हणून संगीतकार व्हायोलिनचा सेकंदाचा छोटा अंश घेत, तोही कमी वेगाने रेकॉर्ड केलेला, आणि तो गोल फिरवत ठेवत. असा तुकडा ताणून वाजवताना खडबडीत होऊ नये म्हणून चिप शेजारच्या चार नमुन्यांची सरासरी काढून कडा घासून टाकते. कडांबरोबर वरच्या पट्टीतली चमकही जाते. ‘गढूळ’ हे मत आलं ते असं.

या चिपने त्याची भरपाई दिली ती प्रतिध्वनीत. चिपमध्येच प्रतिध्वनीची सोय होती, जास्तीत जास्त 240 मिलिसेकंदांची. पण तीही त्याच 64 किलोबाइटमधून 30 किलोबाइट खाई. वाद्यं हवीत की अवकाश, हा प्रश्न प्रत्येक संगीतकाराला दर गाण्यात सोडवावा लागे. डेव्हिड वाइज यांनी 1994 च्या ‘डाँकी काँग कंट्री’त पाण्याखालच्या टप्प्यासाठी केलेलं संगीत ऐकताना हे लक्षात ठेवा. कोर्ग कंपनीच्या वेव्हस्टेशन सिंथेसायझरमध्ये लहरी एकामागून एक बदलत जातात, तशी चाल त्यांनी इटुकल्या तुकड्यांवर करून घेतली. तिथे तो मऊ, चमक गेलेला आवाजच पाण्याची खोली देतो.

आज संगणकावर जुने गेम चालवताना ही सरासरी बदलून जास्त चकचकीत आवाज मिळवता येतो आणि अनेक जण तसं करतात. मी करू नका म्हणेन. संगीतकाराने ज्या गाळणीतून ऐकत स्वर बसवला, ती काढली की त्याने कधी न ऐकलेलं काहीतरी आपण ऐकतो.

या वादात मला निर्णायक वाटणारी साक्ष संगीतकार युझो कोशिरो यांच्या कामाची आहे. त्यांनी डिसेंबर 1990 मध्ये सुपर फॅमिकॉमसाठी ‘अ‍ॅक्टरेझर’ केला: पितळी वाद्यं, तंतुवाद्यांचा ताफा, थाट मोठ्या वाद्यवृंदाचा. 1991 मध्ये त्यांनीच मेगा ड्राइव्हसाठी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ केला: क्लबमध्ये वाजणारं हाउस संगीत, घणाघाती खर्ज आणि कडक ठोके. मेगा ड्राइव्हसाठी ते एनईसीच्या पीसी-88 संगणकावर स्वतः वाढवलेल्या संगीतभाषेत एकेक आकडा लिहून काम करत. एकाच माणसाने वर्षभरात दोन्ही कन्सोल पूर्ण उजळवले, कारण त्याने प्रत्येकाला जे जमतं तेच मागितलं. ‘अ‍ॅक्टरेझर’ मेगा ड्राइव्हवर आणि ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ सुपर फॅमिकॉमवर नेलं, तर दोन्ही गेम उणे पडतील.

प्लेस्टेशनबद्दल थोडक्यात, कारण त्यातला वाद वेगळ्या जातीचा आहे. 1994 चा हा कन्सोल आणि त्यातही लाल-पांढऱ्या जॅकचं सुरुवातीचं एससीपीएच-1001 हे मॉडेल, गाण्यांच्या सीडी वाजवण्यासाठी महागड्या प्लेअरच्या तोडीचं आहे, असं मानणारे शौकीन बरेच आहेत. ‘स्टिरिओफाइल’ या अमेरिकी मासिकाने 2008 मध्ये त्याची दखल घेतली. ऐकणाऱ्याने कौतुक केलं. त्याच मासिकाची मोजमापं मात्र बेताची आली. हे कौतुक सीडी प्लेअरचं आहे, गेमच्या आवाजाशी त्याचा संबंध थोडा. ‘फायनल फँटसी 7’सारख्या गेमचं संगीत सीडीवरून थेट वाजत नाही, ते 24 चॅनेलची ध्वनिचिप 512 किलोबाइटमध्ये मावणाऱ्या तुकड्यांतून घडवते. म्हणजे मूळ पद्धत सुपर फॅमिकॉमचीच, जागा आठपट.

माझा कौल असा. नाट्य, निसर्ग, उदासी यांसाठी सुपर फॅमिकॉम. वेग, ताल आणि खर्जासाठी मेगा ड्राइव्ह. आणि लेखणीची ताकद पाहायची असेल तर फॅमिकॉम, कारण तिथे लपायला जागाच नाही. एकच निवडा म्हणाल, तर मी मेगा ड्राइव्ह निवडेन. रेकॉर्ड केलेले तुकडे पुढे सगळ्यांनीच वाजवले आणि जास्त चांगले वाजवले. पण संगीतकाराने आकड्यांतून स्वतः घडवलेला तो तिखट एफएम नाद गेमच्या दुनियेत पुढे मागे पडत गेला.

ऐकायला बसाल, तर टीव्हीच्या स्पीकरवर समाधान मानू नका. मेगा ड्राइव्हचं मॉडेल 1 हाताशी असेल, तर त्याच्या पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या जॅकला वायर लावा. त्या मॉडेलमध्ये मागून टीव्हीला जाणारा आवाज मोनो आहे. स्टिरिओ फक्त पुढच्या जॅकमधून येतो.